‘पुढं काय झालं?’ असं विचारणारी माणसं

(अमरावतीत तरुण मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोलण्यातले काही फाटे छाटले आहेत, बाकी जसंच्या तसं.)



संयोजकांनी मला आधी ‘साहित्य आणि परिवर्तन’ असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, भाई, मी रोबोंच्या, भुतांच्या आणि खुनांच्या गोष्टी लिहिते. दिवसा बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि रात्री हे. परिवर्तनावर बोलणारी माणसं तुमच्याकडं भरपूर आहेत, मला माझ्यापुरतं बोलू द्या. तेव्हा आज एवढंच बोलणार आहे: ज्या मुलाला किंवा मुलीला अशा गोष्टी लिहायच्या आहेत आणि जिची मतं ना घरात चालतात ना घराबाहेर, तिला लिहीत राहायचा हौसला कुठून मिळावा? इथं बसलेल्यांपैकी चार-पाच जणांच्या मोबाइलमध्ये तरी अशी एखादी अर्धी गोष्ट लपलेली असणार. हे भाषण त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी चहा येईपर्यंत कळ काढावी.

मी अकोल्याची. अब्बांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. घरात आपली वऱ्हाडी वळणाची उर्दू, शाळा मराठी, आणि इंजिनिअरिंग इथं अमरावतीत. घरात पुस्तकं म्हणाल तर दीनी किताबं आणि पलंगाखाली एक लोखंडी पेटी. त्या पेटीत इब्ने सफी. अब्बांकडे उर्दूतले, चाचांकडे हिंदीतले. दोघांचा वर्षानुवर्षं एक वाद चालायचा. अब्बा म्हणायचे, कर्नल फरीदीसारखा जासूस झाला नाही. चाचा म्हणायचे, फरीदी कोण? खरा जासूस कर्नल विनोद. मी दोन्ही वाचायला लागले तेव्हा कळलं की फरीदी आणि विनोद हा एकच माणूस. हिंदीत आणताना प्रकाशकानं फरीदीचा विनोद केला होता आणि इमरानचा राजेश. गंमत म्हणजे कॅप्टन हमीद दोन्हीकडे हमीदच राहिला. नायकाचं नाव बदललं, मदतनिसाचं चाललं. त्या वयात मला याचं फक्त हसू आलं होतं. नावाकडे पुन्हा येते.

इब्ने सफींचं खरं नाव असरार अहमद. अलाहाबादेत कुणीतरी त्यांच्यासमोर म्हटलं की उर्दूत फक्त अश्लील मजकूर खपतो. त्यांना ते पटलं नाही. वाद घालत बसण्याऐवजी त्यांनी 1952 च्या मार्चमध्ये ‘जासूसी दुनिया’ सुरू केली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तकं इकडे अलाहाबादेतूनही निघत राहिली. दोनशेहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. मध्ये 1960 ते 1963 अशी तीन वर्षं मानसिक आजारानं लेखणी बंद होती, त्यातून उठून पुन्हा लिहायला लागले. आणि एवढं करून उर्दूच्या मोठ्या समीक्षकांनी त्यांना साहित्यिक मानायला कित्येक वर्षं घेतली. रेल्वे स्टेशनवर मिळणारं ते साहित्य कसं असेल, असा एकूण हिशेब.

मराठीत तरी वेगळं काय? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, अख्ख्या पिढ्यांना वाचायची चटक लावली, पण अभ्यासक्रमात त्यांना जागा नाही. आणि लांब कशाला, तुमच्या अमरावतीत राहिलेले उद्धव शेळके. ‘धग’ 1960 ची. वऱ्हाडी बोलीतली ती कादंबरी आज सगळे डोक्यावर घेतात, घ्यायलाच पाहिजे. त्याच शेळक्यांनी पुढं पोटासाठी खूप लोकप्रिय कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा विषय निघाला की प्राध्यापक मंडळी आवाज खाली आणतात, जणू घरातल्या कुणी दारूचं दुकान टाकलंय. मला त्या खालच्या आवाजाचा राग येतो. एखाद्या माणसानं लिहून घर चालवलं, यात लाजण्यासारखं काय आहे?

तर ही पहिली अडचण: तुम्ही जे लिहिता ते मुळात ‘टाइमपास’. दुसरी अडचण खास आपली आहे. इंजिनिअरिंग संपल्यावर मी एक विज्ञानकथा एका मासिकाकडे पाठवली. मासिकाचं नाव सांगत नाही. कथा अशी होती की खारपाणपट्ट्यात, म्हणजे आपल्या पूर्णाकाठच्या खाऱ्या पाण्याच्या गावांत, जमिनीखालचं पाणी गोड करणारं एक यंत्र बसवतात आणि ते यंत्र हळूहळू गावाची भांडणं ऐकून कुणाला किती पाणी द्यायचं ते ठरवायला लागतं. नायिका आयेशा, ती यंत्राची ऑपरेटर. संपादकांचा फोन आला. फार सौजन्यानं बोलले. म्हणाले, ‘‘तुमची भाषा चांगली आहे. पण तुम्ही तुमच्या समाजाचे अनुभव लिहा ना. दंगल, पडदा, तलाक, त्यातलं दुःख. यंत्रांचं काय, कुणीही लिहील. आणि खरं सांगू का, अशा कथेत आयेशा म्हटलं की वाचक अडखळतो.’’

मी फोन ठेवला आणि विचार करत बसले की पाणी खारं लागायला आयेशाची जीभ वेगळी असते का.

हा अनुभव माझा एकटीचा नाही, हे पुढं वाचताना कळलं. अमेरिकेत सॅम्युअल डिलेनी नावाचे कृष्णवर्णीय विज्ञानकथाकार आहेत. त्यांची ‘नोव्हा’ ही कादंबरी क्रमशः छापावी म्हणून त्या काळच्या सर्वांत वजनदार संपादकाकडे, ‘अ‍ॅनालॉग’च्या जॉन कॅम्पबेलकडे गेली. डिलेनींनी लिहून ठेवलंय की कॅम्पबेलनं ती परत केली, कारण त्याच्या मते वाचकांना काळा नायक आपला वाटणार नव्हता. तारे, अवकाशयानं, हजार वर्षांनंतरचं जग, एवढं सगळं वाचकांना चालणार होतं. नायकाची कातडी तेवढी चालणार नव्हती. ‘नोव्हा’ 1968 मध्ये पुस्तकरूपानं आली आणि आजही छापली जाते.

आता नाव. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. तिला एक कथा आली, ‘कृष्णविवर’. लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. मग उघड झालं की जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी कथा उतरवून काढली होती. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ. त्यांना हवं होतं की कथा कथा म्हणून तपासली जावी. मला ही गोष्ट फार आवडते. पण दर वेळी एक काटाही टोचतो. नारळीकरांनी नाव लपवलं ते झुकतं माप मिळू नये म्हणून. आपल्यातलं कुणी नाव लपवतं ते उलट्या कारणासाठी. लपवणं तेच, पण एकाला ती परीक्षा वाटते आणि दुसऱ्याला सुटका.

टोपणनाव घ्यावं का, असं मला बऱ्याच मुली विचारतात. घ्या. त्यात खोटेपणा नाही. इब्ने सफी हे टोपणनावच होतं. घरात वादळ होईल, लग्न मोडेल, नोकरीच्या ठिकाणी त्रास होईल, अशी भीती खरी असेल तर टोपणनाव हे हेल्मेट आहे. मी स्वतः माझ्या नावानं लिहिते. कारण शूरपणा नाही. अब्बांना त्यांच्या लेकीचं नाव छापलेलं बघायचं होतं.

नारळीकरांच्या गोष्टीतला पुढचा भाग कमी सांगितला जातो. पुढच्या वर्षी, 1975 मध्ये, कराडला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष दुर्गा भागवत. त्यांनी अध्यक्षीय भाषणात या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. त्या लोकसाहित्याच्या आणि बौद्ध साहित्याच्या अभ्यासक. विज्ञानकथा हा काही त्यांचा प्रांत नव्हता. आणि हेच ते कराड, जिथं आणीबाणीच्या काळात, यशवंतराव चव्हाण हजर असताना, दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात टाकलं. स्वतःच्या मानेवर सुरी असताना एका नव्या प्रकारच्या कथेकडे लक्ष देणं, हे त्यांना जमलं. मला वाटतं, नको असलेलं मत बाळगण्याची किंमत ज्यांना ठाऊक असते, त्यांच्याकडे असं लक्ष जास्त असतं. नेहमी नाही, पण असतं.

नारळीकरही काही सर्वमान्य मतांचे नव्हते, हे आपण विसरतो. फ्रेड हॉइल त्यांचे गुरू, आणि हॉइल स्वतः ‘द ब्लॅक क्लाउड’सारखी कादंबरी लिहिणारे. 1965 मध्ये विश्वभर पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्यावर बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर शंका घेत राहिले. 1993 मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी पर्यायी सिद्धान्त मांडला. 20 मे 2025 रोजी ते गेले, तोपर्यंत त्यांच्या बाजूचे शास्त्रज्ञ थोडेच उरले होते. ते बरोबर होते की चूक, हे सांगायचा मला अधिकार नाही. पण एवढा मोठा काळ अल्पमतात राहून माणूस कडू झाला नाही, मुलांसाठी कथा लिहीत राहिला, हे मी पाहून ठेवलंय.

आता माझ्या अल्पमताकडे येते.

काही वर्षांपूर्वी मी ‘अमानत’ नावाची कथा लिहिली. काळ 2041. गाव अकोला. निकाहनामा आता कागदावर नसतो, प्रोग्रॅम असतो. मेहेरची रक्कम ठरली की ठरलेल्या तारखेला नवऱ्याच्या खात्यातून आपोआप बायकोच्या खात्यात जाते. तलाक-ए-तफवीज, म्हणजे नवऱ्यानं बायकोला सोपवलेला तलाकचा हक्क, तोही त्यात आधीच नोंदवलेला. मुलीच्या फोनवर एक बटण असतं, ‘माफ’. सासू रोज चहा देताना म्हणते, बेटी, दाब ते बटण, घरातल्या घरात काय पैसे मोजायचे. मुलगी दाबत नाही. एवढीच कथा. सॉफ्टवेअरवाल्याला सुचणारच अशी.

यातलं एकही अक्षर मी बाहेरून आणलेलं नाही. मेहेर हा बाईचा हक्क आहे, ती राजीखुशीनं सोडेल तरच सुटतो. तफवीज हनफी फिक्हमध्ये पहिल्यापासून आहे. फक्त आपल्याकडे पहिल्या रात्रीच ‘माफ कर’ म्हणवून घ्यायचं आणि तफवीजचं नाव काढायचं नाही, असा रिवाज पडला. कथा एका छोट्या दिवाळी अंकात आली. आणि मग कुणीतरी तिचे फोटो काढून ग्रुपवर टाकले.

मोहल्ल्यात जे व्हायचं ते झालं. अब्बांच्या दुकानात येऊन लोक पंपाची मोटार दुरुस्तीला टाकायचे आणि जाता जाता म्हणायचे, ‘‘भाईजान, लडकी को समझाओ.’’ एका नातेवाइकांनी लग्नाची पत्रिका दिली नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं तेव्हा बघत होते, दोन ठिकाणांहून निरोप यायचे थांबले. अम्मी मला काही बोलली नाही, पण तिनं आठ दिवस माझ्या आवडीचं काही शिजवलं नाही. अम्मीची तीच भाषा आहे.

याची मला तयारी होती. दुसऱ्या गोष्टीची नव्हती. तीच कथा, तेच फोटो, दुसऱ्या ग्रुपांवर फिरायला लागले. वर ओळ: ‘बघा, यांच्या बायका किती छळात आहेत, त्यांचीच मुलगी सांगतेय.’ ऑफिसातल्या एकानं मला मोठ्या प्रेमानं सांगितलं, ‘‘तू वेगळी आहेस, हिंमतवाली आहेस. अशाच लिहीत राहा.’’ त्या रात्री मला झोप आली नाही. शिवी पचते. असली शाबासकी पचत नाही. जो माणूस मला पुण्यात भाड्यानं खोली देणार नाही, त्याला माझ्या कथेतली सासू मात्र फार आवडली होती.

हा पेच नवा नाही. हमीद दलवाईंचं नाव काढलं की आपल्यातल्या अर्ध्या लोकांच्या कपाळावर आठ्या येतात. माझेही त्यांच्याशी मतभेद आहेत, ते आज मांडत नाही. पण ते आधी कथाकार होते, हे किती जणांना माहीत आहे? ‘लाट’ हा कथासंग्रह 1961 चा, ‘इंधन’ ही कादंबरी 1965 ची. 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला, 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आणि 1977 मध्ये, पंचेचाळिशीही गाठली नव्हती, तेव्हा गेले. त्यांना घरच्यांचे दगडही मिळाले आणि बाहेरच्यांचे नको ते हारही. हिंदू जातीयवादावर त्यांनी जे लिहिलं, ते हार घालणाऱ्यांनी वाचलं नाही. मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. चळवळीनं कार्यकर्ता घेतला आणि कथाकार मागे पडला. ‘इंधन’सारखी दुसरी कादंबरी आली नाही. मताला इतकं काम लागतं की ते गोष्टीचा वेळ खातं. इथं बसलेल्यांनी हे आधीच हिशेबात धरावं.

मी काय केलं? दुसरी कथा लिहिली. तिच्यात घरभाड्याचं एक अ‍ॅप आहे, जे कुणालाही नाही म्हणत नाही. फक्त काही आडनावांच्या माणसांना दिसणारी घरं रोज एकेक करून कमी होत जातात. शेवटी स्क्रीनवर शहराचा रिकामा नकाशा उरतो. ही कथा कुणीच फॉरवर्ड केली नाही. ऑफिसातल्या त्या मित्रानं ‘थोडी एकांगी वाटली’ असं कळवलं. मोहल्ल्यातली तीच माणसं अब्बांना म्हणाली, लडकी ने इस बार अच्छा लिखा. मी दोघांच्याही प्रतिक्रिया एका वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवल्या आहेत. दोन्हींत कथेबद्दल एक शब्द नाही.

आणि इथं माझा मुद्दा येतो. तुमच्या मताशी सहमत असलेला माणूस तुम्हाला फार कमी उपयोगाचा असतो. तो तुमची वाईट कथाही उचलून धरतो. असहमत असलेला चांगली कथाही पाडतो. दोघांनीही ती वाचलेली नसते. हौसला देणारी माणसं तिसरीच असतात, आणि ती भलत्याच ठिकाणी भेटतात.

मला दोन भेटली. पहिली माझी फुफी. अकोल्यात घरी ब्लाउज शिवते, चौथी शिकलेली. तिला ‘अमानत’ मीच वाचून दाखवली, मशीन चालू ठेवूनच ऐकत होती. ती पाच वक्त नमाज पढणारी, आणि तिनं स्वतः मेहेर माफ केलेलं. मला वाटलं, रागावेल. कथा संपली. तिनं दोरा तोडला आणि म्हणाली, ‘‘फिर? पैसे लिए के नहीं उसने?’’ मी म्हटलं, फुफी, कथा तिथंच संपते. ती म्हणाली, ‘‘ऐसी कैसी खतम? सास क्या बोली फिर?’’ जवळजवळ महिनाभर फोनवर हाच प्रश्न. मेहेर बरोबर की चूक, शरियत काय म्हणते, मी अशी का लिहिते, एक शब्द नाही. तिला पुढं काय झालं ते हवं होतं. मला आजवर मिळालेल्या कौतुकात याच्या जवळपास जाणारं काही नाही.

दुसरे माझे शाळेतले मराठीचे सर. निवृत्त, दाढी पांढरी, जमातीत नेमानं जाणारे. त्यांनी निरोप पाठवला, भेट. गेले. त्यांच्यापुढं अंक उघडा, आणि पेन्सिलीनं समास भरलेला. म्हणाले, ‘‘बेटा, तुझं म्हणणं मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. ते बाजूला ठेवू. मला सांग, 2041 मधली पन्नाशीची सासू म्हणजे आज कोण?’’ मी बोटं मोजली. आज ती चौतीस वर्षांची. ‘‘म्हणजे तू. तुझ्या वर्गातली पोरगी. मोबाइल वापरणारी, कॉलेज झालेली. ती तुझ्या दादीसारखी बोलेल का? काय बोलेल ती, याचा विचार कर.’’ मग त्यांनी वऱ्हाडी संवाद एकेक करून तपासले. गडी बोलतो तिथं ‘मला’ नको, ‘मले’ हवं. पण बँकेतला माणूस ‘मला’च म्हणेल. दोन तास. चहा दोनदा.

त्या एका प्रश्नानं कथा दुप्पट मोठी झाली. आता सासू माझ्या वर्गातली आहे. तिनं स्वतः एकदा ते बटण दाबलेलं आहे, आणि का दाबलं ते ती सुनेला सांगत नाही. मी अजून लिहितेय. सर अजून असहमत आहेत.

आमच्या धंद्यात याला रिव्ह्यू म्हणतात. मी लिहिलेला कोड दुसरा इंजिनिअर ओळ न् ओळ वाचतो आणि कुठं तुटेल ते सांगतो. तो कुणाला मत देतो, कुठल्या देवाला मानतो, मला माहीत नसतं. ‘वा, छान’ एवढंच लिहिणाऱ्या रिव्ह्यूअरकडं कोड पाठवायला आम्हाला भीती वाटते.

हे इथं अमरावतीत मी सांगावं, हे जरा उद्धटपणाचं आहे, कारण हे काम तुमच्या गावच्या माणसानं आधीच करून ठेवलंय. सुरेश भट 1932 चे, इथले. गझल तेव्हा मराठीत परकी समजली जायची. माधव जूलियनांनी 1933 मध्ये ‘गज्जलांजली’ आणली होती, तरी ती पाहुणीच होती. भटांनी तिला घरची केली. पण मला त्यांचं मोठं काम वाटतं ती ‘गझलेची बाराखडी’. गझल कशी बांधायची, काफिया म्हणजे काय, रदीफ कुठं येतो, वृत्त कसं सांभाळायचं, हे साध्या मराठीत लिहिलेलं छोटं पुस्तक. गावोगावच्या नवख्या पोरांना ते ही बाराखडी टपालानं पाठवत. त्या पोरांची जात, धर्म, मतं विचारून पाठवत नव्हते. गझल वाढली ती अशी. पुढं सांगलीकडच्या दुधगावचे इलाही जमादार मराठी गझलेतलं मोठं नाव झाले, तुमच्या-आमच्या अकोल्यात श्रीकृष्ण राऊत आहेत. विज्ञानकथेची, भयकथेची अशी बाराखडी वऱ्हाडात अजून कुणी पाठवलेली नाही.

मुलींना एक गोष्ट वेगळी सांगते. 1905 मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये एक इंग्रजी कथा आली, ‘सुलतानाज् ड्रीम’. लेखिका बेगम रुकैया, बिहारमधल्या भागलपूरला राहणारी पंचविशीची मुस्लिम गृहिणी. कथेत बायकांचा देश आहे. पुरुष मर्दान्यात बंद, बायका उन्हाच्या ताकदीवर स्वयंपाक करतात, ढगांतून पाणी काढतात, हवेतून गाडी चालवतात. सौर ऊर्जेबद्दल 1905 मध्ये! रुकैयांना मोठ्या भावानं रात्री घर झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात इंग्रजी शिकवलं होतं. ही कथा त्यांनी नवरा दौऱ्यावर असताना लिहिली. सखावत हुसेन डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. परत आले, उभ्या उभ्याच सगळी वाचून काढली आणि म्हणाले की हा तर भयंकर सूड आहे. सूड त्यांच्याच जमातीवर होता, तरी त्यांनी ती बसायच्या आधी वाचून संपवली. 1909 मध्ये ते गेले. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशांतून रुकैयांनी त्याच वर्षी मुलींची शाळा काढली, 1911 मध्ये ती कोलकात्याला नेली. मला या सगळ्यात तो उभा राहून वाचणारा माणूस दिसतो. असा एक भाऊ, एक नवरा, एक बाप, कोणी एक घरात मिळाला तर बघा. नाही मिळाला तर फुफी शोधा.

आणि विषय नाही, असं मला सांगू नका. बुलढाण्यात लोणार आहे, उल्केनं पाडलेलं, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर. जगातल्या कुठल्याही विज्ञानकथाकाराला ते घराजवळ असतं तर त्यानं दहा कादंबऱ्या काढल्या असत्या. चिखलदऱ्याजवळ गाविलगड, अकोटकडे नरनाळा, अख्ख्या फौजा ज्यांच्यात हरवल्या असे किल्ले. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला, रिकामे रूळ आणि रिकामी स्टेशनं. भयकथेला आणखी काय हवं? आणि आपला अमरावती-अकोला रस्ता. 2022 च्या जूनमध्ये त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर अंथरून गिनीज विक्रम केला. न थांबता. मला सतत वाटतं, त्या पाच दिवसांत रात्रपाळीला असलेल्या एखाद्या मजुरानं डांबराखाली जाताना काहीतरी पाहिलेलं असणार. ही कल्पना मी फुकट देतेय, ज्याला हवी त्यानं घ्यावी.

नारळीकरांची एक कथा आहे, पानिपतात मराठे जिंकले असते तर. ती वाचून माझ्या डोक्यात इब्राहिम खान गारदी शिरला. 14 जानेवारी 1761 ला मराठ्यांच्या तोफखान्याचा सरदार. समोर अब्दाली, तोही मुसलमान. गारदी फिरला नाही. पकडला गेला, मारला गेला. मराठे जिंकले असते तर गारदीचं काय झालं असतं? पुण्याला परत आल्यावर त्याला वाडा मिळाला असता, की भाड्याची खोली शोधावी लागली असती? ही कथा कुणालाच आवडणार नाही, दोन्हीकडच्यांना. तीस पानं झाली आहेत.

छापायचं कुठं, हे शेवटी विचारतात, म्हणून आताच सांगते. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा आहे, ती जगतापांनाही बक्षीस देते हे आपण पाहिलं. दिवाळी अंकांचा मजकूर पावसाळ्यातच जमायला लागतो, तेव्हा गोष्ट उन्हाळ्यात लिहून ठेवा. नाकारलं तर कथा परत वाचा, संपादकाचं पत्र परत वाचू नका. आणि ग्रुपवर टाकण्याआधी एकाच माणसाला द्या, शक्यतो ज्याला तुमचं मत पटत नाही पण ज्याला गोष्टी ऐकायचा नाद आहे.

मी एक करू शकते. दहा पानांपर्यंतची कथा असेल तर मी वाचीन आणि पेन्सिलीनं समास भरून परत देईन. मत तपासणार नाही. ‘छान’ असंही लिहिणार नाही, ते आधीच सांगते. अकोल्याच्या एसटीला अजून दोन तास आहेत, तोवर मी मागच्या बाकावर आहे. चहा आलाय वाटतं. कागद घेऊन या.